टोपीचा आळ

लोकरीच्या एका टोपीमुळं लेकरू दिवस भरायच्या आधी जन्माला येतं, हे ज्ञान मला साठी उलटल्यावर मिळालं. तोवर जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना विज्ञान शिकवून मी निवृत्तही झाले होते. म्हणजे सगळं फुकट गेलं म्हणायचं.

माझी लेक देगलूरला दिलेली. पहिलटकरीण. सहावा महिना लागला तेव्हा तिनं मला नांदेडला फोन केला, "आई, बाळाला टोपी विणशील? तुझ्या हातचीच पाहिजे." मोबाईलवर एक फोटोही पाठवला. वर सशासारखे दोन कान असलेली टोपी. मला विणायला दोनदा सांगावं लागत नाही. पिवळी लोकर आणली, म्हणजे मुलगा की मुलगी हा वादच नको. माप घ्यायला डोकं नव्हतं, म्हणून घरातल्या लहान तांब्यावर बसवून बघत टाके कमी करत गेले. कान मात्र दोनदा उसवावे लागले, एक ताठ उभा राहायचा आणि दुसरा लोळायचा. झाल्यावर टोपी घातलेल्या तांब्याचा फोटो काढून लेकीला पाठवला.

तिनं हौसेनं तो स्टेटसला ठेवला आणि तिथंच माशी शिंकली.

तासाभरात तिच्या सासूबाईंचा मला फोन. "इहीणबाई, काय करून राहिल्या तुम्ही? लेकरू पोटात हाय अजून. जलमायच्या आधी त्याच्या नावानं काई करू न्हाई, ठाव न्हाई का तुम्हाला? उसवा ते." आमच्याकडं ही रीत आहे, मला माहीत होतं. बाळंतविडा बाळ झाल्यावर करायचा, आणि अंगाला पहिलं कापड जुनंच लावायचं. धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचं झबलं तान्ह्याला बरं वाटतं, त्यात शहाणपण आहे, मी नाही म्हणत नाही. पण लोकरीच्या गुंड्याला काय घाबरायचं? मी म्हणाले, "उसवणार नाही. ठेवून देते." लेकीनं मात्र भिऊन स्टेटस काढून टाकला.

त्याच दिवसांत तिचे पाय सुजत होते, डोकं ठणकत होतं. घरात सांगितलं तर उत्तर मिळालं, "पहिलटकरणीचे पाय सुजतेतच. आमचे न्हाई का सुजले?" मला फोनवर ती यातलं काहीच बोलली नाही. एक दिवस डोळ्यांपुढं अंधारी आली, तेव्हा गाडी करून तिला नांदेडला आणलं. बीपी इतकं चढलेलं की डॉक्टरीणबाईंनी वाट बघितली नाही, सिझर केलं. मुलगी झाली. मूठभर जीव, तो थेट काचेच्या पेटीत ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की हे बीपीमुळं झालं, सूज आली तेव्हाच दाखवायला पाहिजे होतं. विहीणबाईंनी ऐकून घेतलं, पदर सावरला आणि व्हरांड्यात बसलेल्या बायांना सांगायला सुरुवात केली. "आधीच टोपी इणून ठेवली होती माय. मी नगं नगं म्हणत होते. लेकराला वाटलं बोलावणंच आलं." बाया च्च च्च करत माझ्याकडं बघायला लागल्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

दवाखान्यात आवाज चढवू नये एवढी अक्कल मला आहे. तरी चढला. "पोरीच्या पायाची सूज दिसली नाही, अन् माझी टोपी बरी दिसली तुम्हाला!" सिस्टरनं आम्हा दोघींनाही बाहेर काढलं, आणि बरोबर केलं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी पचवलं असतं. पण काही दिवसांनी लेकराची तब्येत जरा सावरली आणि सिस्टर म्हणाली, आता आईनं बाळाला छातीशी धरायचं, उघड्या अंगाला अंग लावून, ती ऊबच तिला वाढवील. लेक भिंतीकडं तोंड करून पडलेली. वळेचना.

"मी न्हाई घेणार," म्हणाली. "मीच तुला इण म्हणलं होतं, आई. मीच स्टेटसला ठेवलं. माझ्यामुळंच झालं हे. माझा हात नको लागायला तिला."

फार्मसी शिकलेली पोरगी! बीपीच्या गोळ्यांची नावं माझ्यापेक्षा तिला जास्त पाठ. मी डॉक्टरीणबाईंचे शब्द पुन्हा सांगितले, समजावलं, मग रागावले, मग हातापाया पडले. ती नुसती रडत होती. सिस्टर लेकरू घेऊन ताटकळत उभी. दारात विहीणबाई.

"तुझं काई न्हाई त्यात," मी म्हणाले. "तू नुसतं म्हणलीस. इणली मी. उसवा म्हणल्यावर उसवली न्हाई, ती बी मीच. माझ्या हट्टानं झालं हे. माझी चूक हाय, माय, तुझी न्हाई. घे आता तिला."

तिनं वळून माझ्याकडं बघितलं. डॉक्टरवर बसला नाही तो विश्वास तिचा यावर बसला. डोळे पुसले, गाऊनची बटणं सोडली आणि हात पुढं केले. सिस्टरनं लेकरू तिच्या छातीवर ठेवलं. दारातून विहीणबाई म्हणाल्या, "बघा, आता तरी पटलं." त्या वेळी माझ्या हातात विणायच्या सुया नव्हत्या, हे त्यांचं नशीब.

नात आता दोन वर्षांची आहे, घरभर पळते. मी खोटं बोलले याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही, वेळ आली तर पुन्हा बोलेन. संताप याचा होतो की ते खोटं मला परत घेता येत नाही. विहीणबाई पाहुण्यारावळ्यांत सांगतात, "हिच्या आज्जीनं सोता कबूल केलंय." त्यांचं सोडा, त्यांच्याकडून मी दुसरी अपेक्षाच केली नव्हती.

परवा देगलूरला गेले होते. लेकीच्या धाकट्या जावेला दिवस गेलेत. तिनं भीत भीत विचारलं, "ताई, तुमचं लवकर कशानं झालं होतं?" मी बीपी म्हणायला तोंड उघडलं. तोवर माझी लेक, भाजी निवडता निवडता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "आईनं आधीच टोपी इणली होती."