अर्जाचा सूर

पुण्याला निघाले त्या सकाळी आबा मला सोडायला म्हसवडच्या स्टँडवर आले होते. मेंढरं चुलत्याच्या हवाली केली होती, आणि त्यामुळे त्यांचं निम्मं लक्ष माळावर होतं. गाडी लागली, बॅग वर गेली, मी खिडकीशी बसले. आबा खाली उभे होते. काय बोलावं ते सुचत नसलं की ते पटक्याचं टोक नीट करत. तसंच ते केलं आणि म्हणाले, "सायबाशी नीट बोल, सुवर्णे. आपल्याला गरज हाय, त्येला न्हाई." आय स्टँडवर आलीच नव्हती. ती घरी, उंबऱ्यातच म्हणाली होती, "पोचलीस की फोन कर." एवढंच.

मी दुग्धतंत्रज्ञानाची पदवी घेतली होती. आमच्या वाडीवर पदवी घेतलेली पहिली मुलगी, म्हणून कोण कौतुक. पण त्या पदवीचं पुढं काय करायचं हे वाडीवर कुणालाच ठाऊक नव्हतं. नोकऱ्या पुण्यात असतात एवढं माहीत होतं, म्हणून पुणे.

पुण्यात वैदेहीच्या फ्लॅटमध्ये एक कॉट मिळाली. ती एका कंपनीत माणसं निवडायच्या खात्यात होती. मी रोज लॅपटॉपवर बसून अर्ज पाठवायची आणि कुठूनही उत्तर यायचं नाही. एका रविवारी चहा पिता पिता तिनं विचारलं, "लिहितेस तरी काय?" मी लॅपटॉप तिच्यासमोर सरकवला. शाळेत अर्जलेखन शिकवलं होतं, त्याचंच मी इंग्रजी केलं होतं. 'आय मोस्ट हम्बली बेग' अशी सुरुवात. मध्ये घरची परिस्थिती, वडील मेंढपाळ, कोरडवाहू जमीन. शेवटी, संधी दिलीत तर जन्मभर ऋणी राहीन.

वैदेही आधी हसली. मग माझ्याकडे बघून तिचं हसू थांबलं. "सुवर्णा," ती म्हणाली, "तू नोकरी मागतेयस की माफी?"

त्या दिवशी तिनं मला कव्हर लेटर लिहायला शिकवलं. तीच कंपनी का, मी काय केलंय, त्यांच्या काय कामाची आहे. बाकी काही नाही. मला सगळ्यात अवघड गेलं ते 'मी' लिहिणं. आमच्याकडे माणूस एकटा असला तरी 'आमी केलं, आमी गेलो' म्हणतो. स्वतःचं नाव पुढं करून बोलणाऱ्या माणसाला आय 'लय शाना' म्हणायची आणि ते कौतुक नसायचं. मी प्रशिक्षणाला असताना एका डेअरीत उन्हाळ्यात दूध नासायचं प्रमाण वाढलं होतं. टँकरची वेळ बदलावी असं मी सुचवलं आणि फरक पडला. हे मी वैदेहीला सांगितलं ते 'तिथं असं असं झालं' अशा थाटात. ती ओरडलीच, "झालं नाही गं, तू केलंस! लिही, मी केलं."

लिहिलं. बोटं अडखळली, पण लिहिलं. त्याच पत्रावर मला पहिली नोकरी लागली.

पुढं हा सूर माझ्या चांगलाच अंगवळणी पडला. पुण्यातल्या डेअरीतून आयर्लंडमधल्या दूध पावडरच्या कारखान्यात आले तीही अशाच एका पत्रावर. इथं कॉर्कजवळच्या गावात आले तेव्हा महेशशी लग्न झालेलं होतं. महेश कराडशेजारच्या मलकापूरचा, सॉफ्टवेअरमधला, स्वभावानं शांत. इथं आपली बरीच माणसं आहेत, आणि कुणाला नोकरी बदलायची असली की पत्र माझ्याकडे येऊ लागलं. आपली पोरं एक तर फार वाकून लिहितात, नाही तर इंटरनेटवरून उचललेली फुगीर वाक्यं घालतात. मी वैदेहीसारखी तावातावानं खोडायची. 'प्रयत्न करीन' काढ, 'करीन' लिही. 'मदत केली' काढ, 'केलं' लिही. घरी फोनवर मी आबांशी बोलताना महेश चिडवायचा, "दोन सुवर्णा आहेत. एक म्हसवडची, एक कव्हर लेटरची." मला त्यात गंमत वाटायची. काळजी वाटायला हवी होती असं आता वाटतं.

परत यायचा विचार अचानक आला नाही. आबांनी मेंढरं विकली, तो पहिला धक्का. गुडघे साथ देत नव्हते. फोनवर सांगताना त्यांचा आवाज इतका सपाट होता की मी विचारलं, "आबा, बरं आहे ना?" तर म्हणाले, "बरं हाय की. सकाळी उठून काय करायचं तेवढं कळंना." त्याच सुमाराला आमच्या वाडीपासून मोटरसायकलनं अर्ध्या तासावर एक नवा दूध प्रकल्प उभा राहिला. वाडी साताऱ्यात, प्रकल्प सांगलीच्या हद्दीत. त्यांना प्रयोगशाळेसाठी प्रमुख हवा होता. जाहिरात मला चुलत्याच्या पोरानं पाठवली. मी ती वाचली आणि महेशसमोर फोन धरला. त्याचं काम कुठूनही होणारं होतं. आमची ईरा तेव्हा अजून शाळेत जात नव्हती. तो म्हणाला, "जाऊ या. आत्ताच जाऊ या. पुन्हा जमायचं नाही."

मी एका बैठकीत पत्र लिहिलं. या कामात माझा हातखंडा होता. काय काय उभं केलं, काय काय बदललं, सगळं. आणि शेवटच्या परिच्छेदात लिहिलं की ग्रामीण भागातल्या प्रयोगशाळांमध्ये शिस्तीचा आणि आंतरराष्ट्रीय दर्जाचा अभाव असतो, तो मी तुमच्याकडे भरून काढू शकते. इथं असंच लिहितात. कमतरता दाखवायची आणि आपण तिच्यावरचा उपाय आहोत असं सांगायचं. मला त्यात काहीही खटकलं नाही.

मुलाखतीचं बोलावणं आलं. आम्ही तिघं रजा काढून गावी गेलो, आणि तिथं बघते तर आबांनी घराच्या पूर्वेला एक नवी खोली बांधलेली. मोठी खिडकी, फरशी, आतच बाथरूम. आबा दारात उभं राहून म्हणाले, "तिकडची सवय झाली आसंल तुला. रात्रीचं बाहीर जाया नगं." भिंतींना अजून ओल होती. आयचं ईराला कडेवर घेऊन सगळ्या आळीला सांगून झालं होतं, "आमची सुवर्णा माघारी यायलीया."

मुलाखतीला आबा सोबत आले. "तू आत जा, मी बाहीर बसतो," म्हणत फाटकाशेजारच्या बाकावर वॉचमनशी गप्पा मारत बसले.

आत साळुंखे साहेब होते, प्रकल्पाचे मॅनेजर. साठीच्या आसपासचा, पांढऱ्या शर्टातला, मवाळ माणूस. चहा आला. कामाबद्दल त्यांनी बारकाईनं विचारलं, मीही नीट सांगितलं. मग त्यांनी माझं पत्र पुढ्यात घेतलं.

"म्याडम, पत्र एकदम भारी हाय. इंग्रजी तर काय बोलायलाच नको. आमच्या चेरमनसायबांनी लॅबमधल्या पोरांना वाचून दावलं, की बघा, आपल्या भागातली मुलगी कुठं पोचलीया." ते जरा थांबले. "पर शेवटचं ऐकून पोरं गप्पच झाली. म्हणाली, साहेब, आमच्यात शिस्त न्हाई हे ह्यांना तिथनं कसं दिसलं?"

माझा चेहरा तापला. मी म्हणाले, "साहेब, ते तुमच्याबद्दल नव्हतं. तिकडं असंच लिहायची पद्धत आहे."

"व्हय, असंल की," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता. "पर तुमी तर हिकडच्या ना?"

मी कपात उरलेला चहा संपवला. नंतर आम्ही आणखी बरंच बोललो, त्यांनी लॅब दाखवली. स्वच्छ, नीटनेटकी लॅब होती. टेबलांवर वाकलेल्या पोरापोरींनी मला नमस्कार केला आणि पुन्हा कामात डोकं घातलं.

आठवड्याभरात साळुंखे साहेबांचा फोन आला. त्यांनी मिरजेच्या एका मुलीला घेतलं होतं. "तुमी मोठ्या जागेच्या हायसा म्याडम, हितं तुमाला करमायचं न्हाई," ते म्हणाले. चांगल्या माणसानं नकार द्यावा तसा तो नकार होता. भांडायलाही जागा नव्हती.

आबांना सांगितलं तेव्हा ते नव्या खोलीच्या पायरीवर बसले होते. त्यांनी विचारलं, "चिठ्ठीत काय लिवलं व्हतंस?" मी फोनवर पत्र उघडलं आणि त्यांना एकेक वाक्य मराठीत करून सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते. मध्ये एकदा तर त्यांच्या डोळ्यांत चमक आली, "येवढं समदं तू केलंस व्हय?" मग शेवटचा परिच्छेद आला. मी तोही सांगितला. गाळावासा वाटला, पण सांगितला.

त्यांनी पटक्याचं टोक नीट केलं. मग म्हणाले, "समदं खरं आसंल, पोरी. पर त्येंच्याच दारात हुबं ऱ्हाऊन त्येंच्याच घराला नावं ठिवायची व्हय?" आणि मला वाईट वाटू नये म्हणून लगेच, "जाऊ दे. न्हवतं नशिबात."

रजा संपली, आम्ही परत आलो. त्यानंतरच्या उन्हाळ्यात आबा गेले. मी पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. मी ती नोकरी मिळवली असती तर आबा वाचले असते असं नाही. पण तो एक हिवाळा मी त्यांच्या समोर असते. सकाळी उठून काय करायचं हे न कळणाऱ्या माणसाला ईराला शाळेत सोडायचं काम मिळालं असतं. एवढंच हरवलं, आणि ते मला विसरता येत नाही.

आयला मी इकडे चल म्हणाले. ती म्हणाली, "मी काय करू तिथं, थंडीत?" आणि मग काही महिन्यांनी तिनंच फोनवर सांगितलं की नवी खोली तिनं भाड्यानं दिलीय. कुणाला? तर मिरजेच्या त्याच मुलीला. आरती तिचं नाव. "लांबनं येती बिचारी, यष्टीत जीव आंबून जातुया तिचा. खोली मोकळीच हाय की."

मी 'बरं झालं' म्हणाले आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात उगाच भांडी आपटत राहिले. माझी नोकरी, माझी खोली, आता माझी आय. महेश ईराला घेऊन बागेत गेला, हे त्यानं फार शहाणपणाचं केलं.

पण आरतीशी वैर धरणं अवघड होतं. व्हिडिओ कॉल लावून द्यायची तीच. आयच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या की मला मेसेज करायची तीच. "ताई, काकूंनी आज भाकरी कमी खाल्ली, बोला त्यांच्याशी जरा." हळूहळू मी आयच्या आधी आरतीलाच फोन करू लागले. लॅबमधल्या अडचणी ती मला विचारायची आणि मी सांगायची. आयचा आवाज सुधारला होता. ती आता 'आमी' म्हणायची आणि त्या 'आमी'त आरती असायची. "आमी काल म्हसवडच्या बाजारला गेलतो."

मागच्या वर्षी एका दुपारी आरतीनं चाचरत विचारलं, "ताई, रागवू नका. डेन्मार्कमध्ये एक जागा आहे. तुम्ही माझं कव्हर लेटर बघाल का?"

पत्र आलं. 'मी एका लहान गावातल्या लहान प्रकल्पात काम करते, तरी कृपया माझा विचार व्हावा.' म्हणजे मी पुण्यात होते तशीच ती आत्ता तिथं होती.

तसंच राहू दिलं असतं तर ती कुठंही गेली नसती, आयजवळच राहिली असती. हे माझ्या मनात आलं, अगदी स्वच्छ आलं. मी लॅपटॉप मिटला, बागेत गेले, ईराची सायकल आत घेतली आणि परत येऊन बसले.

आम्ही दोघींनी फोनवर बसून ते पत्र लिहिलं. 'लहान' काढलं. तिनं काय केलं ते लिहिलं, आणि ते कुणाकुणाच्या साथीनं केलं तेही लिहिलं. गावोगावच्या संकलन केंद्रांवरच्या बायकांना दूध तपासायला तिनं कसं शिकवलं आणि त्यांच्याकडून ती काय शिकली, तेही. समोरच्याची उणीव कुठंही दाखवली नाही. वाकणं नाही आणि वरून बघणंही नाही. असं पत्र मी स्वतःसाठी कधीच लिहिलं नव्हतं. वाचून झाल्यावर आरती म्हणाली, "ताई, हे माझ्यासारखंच वाटतंय."

तिला ती जागा मिळाली. आयला मीच आधी सांगितलं, पत्र लिहायला मी मदत केली हेही सांगितलं. फोनवर भांड्यांचा आवाज थांबला.

"चांगलं केलंस," आय म्हणाली. "तिच्याबी आईबापानं कष्टानं शिकीवलीया तिला." मग जरा वेळानं, "मंजी ती जागा आता मोकळी झाली न्हवं? तू लिवून बघती का?"

इतक्या वर्षांत आयनं मला 'ये' म्हटलेलं नव्हतं. आत्ताही ती ते म्हणाली नव्हती, पण याहून जवळ ती कधी आली नव्हती. आणि मला तिला सांगावं लागलं की ईरा शाळेत रुळलीय, मराठी बोलतानासुद्धा मधूनच इंग्रजीवर घसरते. आम्ही इथं घर घेतलंय. महेशचं कामही आता घरून होण्यासारखं राहिलेलं नाही. मी एकेक सांगत गेले आणि ती 'व्हय, व्हय' म्हणत गेली.

"तेबी खरंच," शेवटी ती म्हणाली. "मग त्या खोलीत कांदं टाकते यंदा. वारं चांगलं लागतंय तिथं."

गावी ज्यांची माणसं आहेत आणि जे माझ्यासारखे निघून आलेत, त्यांच्यापैकी कुणी मला विचारलं की तुझं घर कुठलं, तर मी अजून म्हसवडकडची वाडी असंच सांगते. खोटं नाही ते. परवा आयनं व्हिडिओवर घर दाखवलं, फोन उलटासुलटा धरून. फरशीभर कांदे पसरलेले, खिडकी सताड उघडी, भिंतीची ओल कधीच वाळलेली. "सुकल्यात बघ चांगलं," ती कौतुकानं म्हणाली. मी म्हणाले, "हो आय, छान सुकलेत." मग ती फोन बंद कसा करायचा ते शोधत राहिली, आणि मीही लगेच बंद केला नाही.