बाळापूरच्या बाजारात माझं जॅकेट ओळखणारी बाई

जानेवारीत एका साखरपुड्याला माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. त्यांचा कुर्ता हळदीच्या रंगाचा होता, पण खांद्यांवर पार विटलेला. मी जरा जास्तच टक लावून पाहिलं असणार, कारण त्यांनीच सांगितलं की तो हळदीतच रंगवलेला आहे, हळदीचा रंग उन्हाने उडतोच, आणि दरवर्षी नवी हळद निघाली की त्या तो परत रंगवून घेतात. कुठे? हिंगोली जिल्ह्यात, आखाडा बाळापूरला. तिथे एका बंद पडलेल्या, कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये महिन्यातून एकदा शनिवार-रविवार कपड्यांचा बाजार भरतो. विणणारे, रंगवणारे, शिवणारे स्वतःच बसतात. मधला कोणी नाही.

फिका पडणार हे सांगून विकलेला कपडा मी आयुष्यात पाहिला नव्हता. घरी येऊन तिकीट काढलं.

मी गेली काही वर्षं असेच कपडे घेते. थोडे, हाताने केलेले, टिकणारे. आणि त्याचा मला थोडा गर्व आहे. होता. तो या लेखात पुढे येणारच आहे, म्हणून आधीच सांगते.

पुण्याहून रात्रीच्या रेल्वेने नांदेड, तिथून हिंगोलीची एसटी. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे बाळापूरपर्यंत अगदी स्वस्तात पोचता येतं. दीड तास धरा. रस्ता चांगला आहे. वारंगा फाट्याच्या पुढे डाव्या हाताची खिडकी मिळाली तर सोडू नका. फेब्रुवारीत शेताशेतांत हळद शिजत असते. वाफेचे ढग, मातीचा आणि औषधाचा मिळून येणारा वास, आणि वाळत घातलेल्या हळदीच्या पिवळ्या पट्ट्या. सकाळी चांगलीच थंडी होती. मी माझं गोधडीचं जॅकेट घातलं होतं.

हे जॅकेट सात वर्षांपूर्वी, चाळिशी झाली म्हणून मी स्वतःलाच घेऊन दिलेलं. पुण्यातल्या एका प्रदर्शनात. जुन्या लुगड्यांचे थर, त्यावर घट्ट धावदोरा. गळ्याशी आतून कापडी पट्टी: 'गावातल्या हातांनी प्रेमाने शिवलेलं'. मला भेटलेल्या प्रत्येकीने ते हात लावून पाहिलं आहे, आणि प्रत्येकीला मी ती पट्टी उलटून दाखवली आहे.

शेड स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर. आत वीसेक जण बसलेले, बहुतेक पोत्यावर किंवा बाजेवर. शिरड शहापूरचे एक मेंढपाळ आजोबा काळी घोंगडी घेऊन आले होते. मला लांब हवी होती, तर म्हणाले, पुढच्या कातरणीपर्यंत थांबा, मेंढ्यांना घाई सांगता येत नाही. हट्टा गावच्या दोन बहिणींची जोडी हळदीचे कुर्ते विकत होती. मी एक घेतला, बाराशेला. प्रत्येक कपड्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. विणलं कोणी, रंगवलं कोणी, शिवलं कोणी, किती दिवस लागले. चिठ्ठीशिवाय कपडा शेडमध्ये ठेवता येत नाही. हा नियम रेखाचा. तिशीतली, नांदेडला शिवणकाम शिकलेली, दोन वर्षांपूर्वी तिनेच हा बाजार सुरू केला. माझ्या हातात भाकरी-पिठल्याचं ताट देऊन ती म्हणाली, "आधी जेवा ताई. भुकेलं माणूस कपडा चुकीचाच घेतं."

शेवटच्या खांबाशी तिच्या सासूबाई बसतात, गंगाबाई. साठी ओलांडलेल्या, किरकोळ अंगाच्या. समोर पाटी: 'फाटलेलं शिवून मिळेल'. माझ्या जॅकेटचा खिसा एका कोपऱ्यात उसवला होता. मी ते काढून त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी खिसा पाहिलाच नाही. जॅकेट उलटं केलं. अंगठा एका टाक्यावरून दुसऱ्यावर नेत गेल्या, जशी आपण ओळीखाली बोट धरून वाचतो.

"हे कुठून आणलं बाई?"

मी सांगितलं. पट्टीसुद्धा उलटून दाखवली. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं.

"कोणत्या गावातल्या?" त्यांनी विचारलं. "गावाला नाव न्हाई का?"

मग मान न उचलता हाक मारली, "रेखे, इकडं ये. ही बघ आपली गोधडी."

रेखा आली आणि उभ्या उभ्या खांबाला टेकली. मी अजून हसतच होते. मला वाटलं, टाका ओळखीचा आहे म्हणत असतील, कौतुक करत असतील. गंगाबाईंनी एकेका कापडावर बोट ठेवलं. "हे पिवळ्यावर काळे ठिपके, माझ्या मायचं लुगडं. ह्या रेघा मालकाच्या सदऱ्याच्या. आन् टाका माझाच हाय. मी डावखुरी हाय, माझा टाका उलटा पडतो. बघा."

मी पाहिलं. सात वर्षं अंगावर वागवलेल्या जॅकेटचे सगळे टाके उजवीकडून डावीकडे झुकलेले होते. मला ते कधीच दिसलं नव्हतं. शेडमध्ये लोक होते, कोणीतरी भाव करत होतं, आणि मला माझ्याच अंगावरच्या ब्लाउजची, घड्याळाची, चपलांची, सगळ्याची एकदम भीती वाटली.

पुढचं रेखाने मला चहाच्या टपरीवर सांगितलं. गोधडी गेली तेव्हा ती नवी नवरी होती. दारावर भांडीवाली आली. माळ्यावर उंदराने कुरतडलेली एक जुनी गोधडी पडलेली. सासूच्या घरात आपणही काही कमावून आणावं म्हणून तिने ती गोधडी आणि दोन साड्या देऊन स्टीलचा झाकणाचा डबा घेतला, आणि संध्याकाळी मोठ्या हौसेने दाखवला. गंगाबाई रागावल्या नाहीत. भांडीवाली कुठल्या बाजूला गेली एवढंच विचारलं, आणि तीन दिवस फाटे, वस्त्या, आठवडी बाजार पालथे घातले. तेव्हापासून त्यांनी एकही नवी गोधडी शिवलेली नाही. पंचक्रोशीत त्यांच्यासारखी सुई कोणाची नाही, गिऱ्हाईकं विचारून थकली. त्या म्हणतात, मी जुनं जोडते, नवं न्हाई.

"एका गोधडीचं एवढं काहून, हे मला आजवर कळलं न्हाई," रेखा म्हणाली. "आमच्याकडं गोधडी रिकाम्या पोटाची शिवत नसतात. मधोमध काहीतरी ठेवतात. पण काय ठेवलं ते ठेवणारी कोणाला सांगत नसते. मी कसं विचारावं? चिठ्ठ्या बांधून राहिले झालं."

परत गेले तेव्हा जॅकेट गंगाबाईंच्या मांडीवर होतं. आजचा दिवस राहू द्या म्हणाल्या. मी म्हटलं, उसवायचं असेल तर खुशाल उसवा. त्यावर त्यांनी जॅकेट मांडीवर आणखी जवळ ओढून घेतलं. रेखाने तिची शाल माझ्या खांद्यावर टाकली.

मुक्काम कळमनुरीच्या एका लॉजवर केला. खोली स्वच्छ, गरम पाणी सकाळी बादलीने मिळतं. पण खोलीचं मी काय सांगू, मी रात्रभर फक्त हिशेब लावत होते की सात वर्षांत मी ते जॅकेट कुठे कुठे खुर्चीच्या पाठीला अडकवलं.

रविवारी औंढ्याच्या देवळात जायचं ठरलं होतं. न जाता सकाळीच बाळापूरला आले. शेडच्या फरशीवर जॅकेट पसरलेलं होतं आणि त्याच्याभोवती गंगाबाईंनी शिंप्याच्या खडूने एक मोठा चौकोन आखला होता. अख्खी गोधडी. माझं जॅकेट तिच्या डाव्या कोपऱ्यातला एक तुकडा तेवढं होतं. बाकी सगळी फरशी रिकामी.

"यात न्हाई," त्या म्हणाल्या. एकही टाका उसवलेला नव्हता. इंच इंच चाचपून पाहिलं होतं.

"काय नाही?" मी विचारलं.

रेखा मागे उभी होती. गंगाबाई तिच्याकडे न बघता बोलल्या. "कुंची. माझं पहिलं लेकरू, हिच्या नवऱ्याच्या आधीचं. अकरा महिन्यांचं होऊन गेलं. त्याची लाल कुंची मधात शिवली होती."

हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आपल्या नवऱ्याआधी या घरात एक मूल होऊन गेलं, हे रेखाला त्या क्षणी, माझ्यासारख्या परक्या बाईसमोर कळलं. तिचा चेहरा मी विसरू शकत नाही. ती खाली बसली आणि खडूच्या रेषेवर हात ठेवून म्हणाली, "आत्याबाई, मला एका शब्दानं सांगायचं होतं."

"सांगितलं की ऊब जाते म्हणतात," गंगाबाई म्हणाल्या. "आता गोधडीच गेली, ऊब कुठली. म्हणून सांगून राहिले. तुझी काय चूक न्हाई पोरी. डबा चांगला हाय. त्यात डाळ ऱ्हाते."

शेजारचे सलीमभाई शिंपी इतका वेळ मशीन थांबवून बसले होते. ते उठले, खडू घेतला आणि चौकोनात जॅकेटचे तुकडे आखू लागले. त्यांच्या मते एवढ्या गोधडीत अशी पाच जॅकेटं निघाली असतील. "कटिंग बराबर दिसते ताई," ते मला म्हणाले. "पाठीला मोठा सलग तुकडा लागतो, तो मधातूनच काढतात. कुंची वाया गेली नसंल. कोणाच्या तरी पाठीत असंल."

कोणाच्या तरी पाठीत.

मी जॅकेट ठेवून घ्या म्हणाले, हात जोडले. गंगाबाईंनी ते झटकून माझ्याच खांद्यावर घातलं. खिसा शिवून झालेला होता. "मी हे घालून कुठं मिरवू? तुमी घाला. तुमी शहरात हिंडता, असलं घालणाऱ्या बाया तुमालाच भेटतात. ह्याची भावंडं दिसली की पाठीवरनं हात फिरवून बघा."

निघताना रेखाने गळ्याची पट्टी कापून काढली आणि तिथे चिठ्ठी टाचली. शिवणारी: गंगाबाई, आखाडा बाळापूर. किती दिवस लागले, असं तिने सासूला विचारलं. गंगाबाईंनी बोटांवर महिने मोजले. एक पावसाळा आणि एक हिवाळा, म्हणाल्या. रेखाने तेच लिहिलं.

परत येऊन तीन आठवडे झाले. हळदीचा कुर्ता पहिल्याच उन्हात थोडा उतरला. त्याचं मला काही वाटलं नाही, त्याला परत जायचा पत्ता आहे. जॅकेट घालते. ज्या प्रदर्शनात घेतलं होतं, त्यांना विचारलं. माल एका व्यापाऱ्याकडून आला होता, तो धंदा सोडून गेला, पुढचा धागा नाही. गेल्या रविवारी एका पुस्तकांच्या दुकानात एक अनोळखी मुलगी तसलंच जॅकेट घालून उभी दिसली. मी जाऊन तिला सगळं सांगितलं. तिने ते काढून माझ्या हातात दिलं. टाके सरळ होते. दुसऱ्या कोणाची तरी गोधडी होती ती, दुसऱ्या कोणत्या तरी गावातली, आणि तिच्या पोटात काय होतं ते आम्हा दोघींना माहीत नव्हतं.

म्हणून हा लेख. बाळापूरला जरूर जा, हळदीच्या दिवसांत जा, जेवून मग खरेदी करा. पण त्याआधी कपाट उघडा. सहा-सात वर्षांपूर्वी घेतलेलं गोधडीचं जॅकेट असेल, पिवळ्यावर काळे ठिपके असतील, टाके उजवीकडून डावीकडे झुकलेले असतील, तर ते पालथं पसरा. पाठीच्या मधोमध थरांच्या आत तळहाताएवढी जाड, मऊ जागा लागते का पाहा. उसवू नका. कापू नका. फक्त इथे खाली लिहा.

आणि हात हळू फिरवा. ते अकरा महिन्यांचं आहे.