विहिरीकडे तोंड, दाराकडे पाय

माझी शाळा चौथीपर्यंत. अधिकची खूण दिसली की टाका, वजाची दिसली की काढा, एवढं येत होतं. तेवढ्यावर जन्म निघाला.

मुलगा पुण्यात असतो. त्याची मुलगी सणावाराला फोनवर तोंड दाखवायची आणि पळायची. यंदा तिच्या शाळेने सांगितलं, वजा संख्यांचं गणित घरातल्या कुणाला तरी शिकवा. आईबापाला वेळ नाही, म्हणून मोहाडीजवळच्या खेड्यात एकटी बसलेली आजी तिला आठवली. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल यायला लागला. मी दुपारपासूनच फोन चार्जिंगला लावून ठेवायची.

"आजी, मायनसमधून मायनस काढला की वाढतं."

"काढल्यावर वाढन कसं? कोठीतून धान काढलं, मंग अजून काढलं, त कोठी भरते का?"

"तू ना, एकदम ढ आहेस!"

"हाव, ढ. उद्या परत सांग."

सोंग नव्हतं. मला खरंच कळत नव्हतं.

शेवटी तिने मला अंगणात चुन्याच्या रेघा मारायला लावल्या. मधली रेघ शून्य, दाराकडच्या अधिक, विहिरीकडच्या वजा. फोन खाटेवर उभा केला.

"तीनवर उभी राहा. काढायचंय, म्हणून तोंड विहिरीकडे. पण काढायची संख्या मायनस आहे, म्हणून चालायचं उलटं. दोन रेघा."

मी उलटी चालले. कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, "काकू, उलट्या काहून चालून राहिल्या? पडाल ना!"

"शाळेत जाऊन राहिली. तू येतं का?"

बोलता बोलता मी पाचाच्या रेघेवर आले आणि थांबले. डोक्याआधी पायांना कळलं. रोवण्यात, म्हणजे धान लावताना, बाया वाकून मागे मागेच सरकतात. तोंड एकीकडे, जाणं दुसरीकडे, आणि शेतातली बांधी रोपांनी भरत जाते. अर्धं आयुष्य मी अशीच चालले होते.

"पाच," मी म्हटलं.

"थांब हं. आता मायनस चारमधून मायनस सहा काढ."

विहिरीकडच्या चौथ्या रेघेवर गेले, तोंड विहिरीकडेच ठेवलं, मागे मागे आले. शून्य ओलांडलं.

"दोन. दाराकडचे."

"येस! आजी, आलं तुला!" ती खाटेवरच्या फोनमध्ये नाचली. मलाही बरं वाटलं.

"मंग उद्या काय शिकवतं?"

"उद्या कशाला? झालं की." फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी फोन दुपारपासून चार्जिंगला होता. संध्याकाळी वाजला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मग मीच लावला.

"आजी, क्लासला निघालेय. काही अडलं का?"

"नाही," मी म्हटलं.

खरंच काही अडलं नव्हतं.