धाकटीचे एक्याण्णव टक्के

थोरलीने पहिल्यांदा विमान हातात धरलं तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि धाकटी पाचवीत. उड्डाणाचे तास बऱ्यापैकी भरले, लेखी परीक्षांचे अर्ज आणले, आणि त्याच महिन्यात आई अंथरुणाला खिळली. अर्ज कपाटात गेले. आई तीन वर्षांनी गेली, पण तोवर थोरलीला एका छोट्या विमान कंपनीत चिकटून बराच काळ झाला होता. काम लोडशीटचं. प्रवासी किती, सामान किती, इंधन किती, कोणतं वजन कुठल्या रांगेत, हे सगळं मांडायचं आणि विमानाचा तोल बरोबर आहे अशी सही करून कागद वैमानिकाच्या हातात द्यायचा. वैमानिक कागद घ्यायचे, "थँक्यू मॅडम" म्हणायचे आणि उडून जायचे. ती खिडकीतून बघायची आणि पुढच्या विमानाचा कागद ओढायची. अशी दहा वर्षं गेली.

घरी जेवताना मात्र ती ढगांबद्दल बोलायची, वाऱ्याबद्दल बोलायची, विमानाचा पंख हवेत का टिकतो ते पोळपाट तिरका धरून दाखवायची. बाबा आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. ते ऐकता ऐकता पेंगायचे. धाकटी पेंगायची नाही. तिचे कान टवकारलेले असायचे, हे थोरलीच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

मग एका सकाळी थोरलीने चहा गाळता गाळता जाहीर केलं, की आता ती लेखी परीक्षा देणारच. सगळे विषय पुन्हा पहिल्यापासून. बाबांनी तिच्या पाठीवर थाप मारली. दुसऱ्या दिवशी, त्याच टेबलावर, धाकटी म्हणाली, "ताई, मी पण देते ना तुझ्याबरोबर. माझे पण तास होत आलेत."

ती वर्षभर कॉलेजच्या नावाखाली शनिवारी-रविवारी उडायला जात होती. बाबांना ठाऊक होतं. ताईला अचानक खूश करायचं म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

"अरे वा," थोरली म्हणाली. तिने गाळणी विसळली, पुन्हा विसळली, आणि ती स्वच्छ झाली तरी नळ बंद केला नाही.

प्रश्नपेढी धाकटीनेच शोधून आणली. फोनवरचं ॲप. त्यात सगळ्या विषयांचे मिळून हजारो प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, बरोबर आलं की हिरवं, चुकलं की लाल. खाली लोक आपापसात वाद घालायचे की उत्तर असंच का. त्यात गट करायची सोय होती, म्हणजे प्रत्येकाची टक्केवारी हिरव्या पट्टीने सगळ्यांना दिसायची. धाकटीने उत्साहाने दोघींचा गट केला आणि बाबांच्या फोनवरही तो टाकला. बाबांना विमानातलं काही कळत नव्हतं, पण हिरवी पट्टी कुणाची लांब आहे ते कळायचं.

"आज पण धाकटीच पुढे," ते पेपर वाचता वाचता म्हणायचे. "एक्याण्णव टक्के. तुझे अठ्ठ्याहत्तर दिसतायत. जरा नेट लाव की."

ते अगदी साधेपणाने म्हणायचे, बसमधल्या प्रवाशांना पुढे सरका म्हणावं तसं. थोरलीला मात्र ते दिवसभर पुरायचं.

तिची पद्धत वेगळी होती. टेबल, वही, टोक केलेली पेन्सिल. प्रश्न वाचायचा, आकृती काढायची, हिशेब मांडायचा, आणि मग उत्तराला हात लावायचा. एका तासात बारा प्रश्न व्हायचे. धाकटी केस वाळेपर्यंत चाळीस सोडवायची. जिन्यावर बसून, बसच्या रांगेत, दात घासताना. प्रश्नातले पहिले चार शब्द दिसले की तिचा अंगठा पडायचा आणि हिरवं व्हायचं.

"वाचलास तरी का पूर्ण?" थोरलीने एकदा विचारलं.

"हा मला माहितीये. याचं उत्तर क."

"क म्हणजे काय?"

"क म्हणजे क, ताई." आणि ती हसली.

थोरली तिला पोपट म्हणायला लागली. आधी लाडाने म्हणायची, नंतर तेवढ्या लाडाने नाही. सकाळी डोळे उघडले की स्वतःची पट्टी बघायच्या आधी ती धाकटीची बघायची. कधी ती दोन टक्क्यांनी घसरलेली दिसली तर त्या दिवशी ऑफिसची वाट छोटी वाटायची. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने आपल्याला पाठ असलेले साठ प्रश्न मुद्दाम पुन्हा सोडवले, नुसता आकडा वर जावा म्हणून. अठ्ठ्याहत्तरचे ऐंशी झाले. दोन मिनिटांत धाकटीकडून टाळ्यांची चित्रं आली. तेहतीस वर्षांची बाई, हातात अर्धी पोळी धरून, त्या टाळ्यांकडे बघत राहिली. धाकटीने खिजवलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. पोरीला खरंच आनंद झाला होता, आणि तेच जास्त खुपत होतं.

परीक्षेला आठवडा होता तेव्हाची गोष्ट. पहिला पेपर वजन आणि समतोल, म्हणजे थोरलीच्या रोजच्या कामाचाच विषय. रविवारची दुपार होती. बाबा आतल्या खोलीत आडवे झाले होते. धाकटी फोन घेऊन आली आणि थोरलीच्या खुर्चीच्या हातावर टेकली.

"ताई, हा एक बघ ना. विमानाचं एकूण वजन दोन हजार किलो. शंभर किलोचं सामान पुढून उचलून दोन मीटर मागे ठेवलं. तर तोलाचा बिंदू किती सरकेल? मी दहा सेंटिमीटर म्हटलं तर लाल आलं. हे म्हणतात साडेदहा."

थोरलीने बघितलं. शंभर गुणिले दोन, भागिले दोन हजार. दहा सेंटिमीटर. पोरीचं बरोबर होतं. सामान विमानातच राहिलं की एकूण वजन तेवढंच राहतं. प्रश्नपेढीवाल्याने ते शंभर किलो आधी वजा केले होते, जणू सामान खालीच उतरवलं. अशी चूक तिने नव्या कारकुनांच्या कागदावर लाल पेनाने पन्नासदा खोडली असेल.

"बाकीच्या प्रश्नांत वजा करत नाहीत," धाकटी म्हणाली. "मग इथेच का? नियम काय आहे?"

पोपटाने पहिल्यांदाच नियम विचारला होता. थोरलीच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. पण त्याच वेळी तिला फोनच्या कोपऱ्यातला आकडा दिसला. एक्याण्णव.

"ती जुनी पद्धत," ती म्हणाली. "आता वजा करूनच घेतात. इथे दिलंय तसंच कर."

"नक्की?"

"मी दहा वर्षं काय करतेय मग?"

धाकटीने मान डोलावली, वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. थोरली उठून गॅलरीत गेली आणि वाळत घातलेले कपडे काढायला लागली. कपडे अजून ओलेच होते.

पेपर सकाळी होता. रांगेने संगणक, मध्ये पुठ्ठ्याचे पडदे, पंचवीस प्रश्न, पास व्हायला एकोणीस बरोबर हवेत. आकडे प्रश्नपेढीतले नव्हते, सगळे बदललेले. वजन सरकवण्याचे चार प्रश्न होते. ते सोडवताना थोरलीला पडद्यापलीकडून धाकटीची पेन्सिल ऐकू येत होती. ती भराभर चालत होती.

निकाल तिसऱ्या दिवशी फोनवर आला. थोरली तेवीस. धाकटी अठरा.

थोरलीला पहिल्यांदा जे वाटलं ते तिने पुढे कुणाला सांगितलं नाही, पण ते वाटलं हे खरं. छातीतून काहीतरी उंच वर गेलं. मग धाकटी स्वयंपाकघरात आली. डोळे पुसलेले होते. तिने थोरलीला मिठी मारली. "तुझं झालं ताई. इतक्या वर्षांनी झालं. बाबा, ताईचे तेवीस आले." आणि तिने स्वतःच चहाचं आधण ठेवलं. त्या चहाला थोरलीने हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने प्रश्नपेढीच्या लोकांना लिहिलं. प्रश्नाचा क्रमांक, चूक कुठे आहे, बरोबर हिशेब, सोबत आकृती. तेवढ्याने आपलं मन हलकं होईल असं तिला वाटलं होतं. चार दिवसांनी त्यांनी उत्तर बदललं आणि प्रश्नाखाली आभार मानले, थोरलीच्या नावासकट. धाकटी फेरपरीक्षेची तयारी करत होती. तिने ते वाचलं.

ती थेट ऑफिसात आली. जेवणाची सुट्टी होती, खोलीत कुणी नव्हतं. एका बाजूला सामानाचा मोठा वजनकाटा, भिंतीवर विमानांचे तक्ते, खिडकीबाहेर एका विमानात इंधन भरणं चाललं होतं. धाकटीने फोन टेबलावर ठेवला.

"हे तू कळवलंस."

"हो."

"कधी कळलं तुला?"

परवाच, असं म्हणता आलं असतं. शब्द जिभेवर तयार होता.

"तू विचारलंस तेव्हाच," थोरली म्हणाली.

"मग ती जुनी पद्धत, नवी पद्धत?"

"तसलं काही नाही. मी रचून सांगितलं."

"का पण?"

"तुझे एक्याण्णव झाले होते."

धाकटी वजनकाट्याकडे वळली. "ताई, मला हे सगळं आवडायला लागलं ते तुझ्यामुळे," ती म्हणाली. "बाकी कुणी चुकीचं सांगितलं असतं तर मी तपासून पाहिलं असतं." तिने फोन उचलला आणि गेली.

अकरा दिवस घरात अबोला होता. बाथरूम रिकामी आहे, दूध संपलंय, एवढंच बोलणं. धाकटीने गट बंद करून टाकला. बाबा एक-दोनदा म्हणाले की माझी हिरवी पट्टी कुठे गेली, मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं. "तुमच्या भांडणात मला ओढू नका," ते जेवताना म्हणाले, "पण मिठाची बरणी तरी एकमेकींना द्या. माझा हात दुखतो मध्ये बसून."

बाराव्या दिवशी धाकटी थोरलीच्या दारात उभी राहिली. "मला ते शिकव. फोन नको, वही नको. तुझ्या कामावर ने आणि दाखव. आणि मी माफ केलेलं नाही, हे आधीच सांगते. पण तुझ्याइतकं हे दुसऱ्या कुणाला येत नाही."

शनिवारी दुपारी ऑफिस शांत असतं. थोरलीने जमिनीवर खडूने विमान काढलं, रांगा आखल्या, आणि दोघींनी कागदांची खोकी काट्यावर तोलून तोलून इकडून तिकडे सरकवली. दर वेळी धाकटीने तोंडी हिशेब करायचा. ती दोनदा चुकली, मग चुकली नाही. तासाभराने ती खडूच्या विमानाच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "म्हणजे उडताना तोल बरोबर असला तरी वाटेत इंधन जळतं. मग उतरताना तो बिघडू शकतो. दोन्हींचा हिशेब आधीच करायला हवा ना?"

हा प्रश्न थोरलीला नोकरीच्या चौथ्या महिन्यात पडला होता, आणि तोही साहेबांनी कागद परत केल्यावर. पोरीला तो तासाभरात पडला. थोरलीने हातातलं खोकं जमिनीवर ठेवलं. ती खोक्यावर बसली.

"मला तुझा हेवा वाटतो," ती म्हणाली.

"अजून?"

"आत्ता, या मिनिटाला."

धाकटीने खडू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "जाईल का तो?"

"सांगता येत नाही. पण तुला पुन्हा खोटं सांगणार नाही, हे सांगता येतं."

"बरं," धाकटी म्हणाली. "हे खोकं आता कुठे ठेवू?"

फेरपरीक्षेत तिचे चोवीस आले. पुढचे पेपर दोघींनी एकाच टेबलावर बसून केले. धाकटी आता आकृत्या काढायला लागली होती, आणि थोरली थोडं थोडं पाठ करायला. तरी हवामानाच्या पेपरात थोरली दोनदा आपटली आणि धाकटी पहिल्या फटक्यात पार झाली. परवाना धाकटीला सात महिने आधी मिळाला.

तिने पहिल्याच दिवशी ताईला शेजारच्या सीटवर बोलावलं. "आज नको," थोरली म्हणाली, "आज मला जमणार नाही." बाबा गेले आणि उतरल्यावर म्हणाले की बसपेक्षा धक्के कमी बसतात. दुसऱ्या वेळीही थोरली नको म्हणाली. तिसऱ्या वेळी गेली.

चाकं जमिनीवरून सुटली आणि शेतं तिरकी झाली. धाकटीचे हात सुकाणूवर स्थिर होते, थोरलीचे त्या वयात होते त्यापेक्षा कितीतरी स्थिर. थोरली थोडा वेळ आपल्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत राहिली. मग धाकटी म्हणाली, "ताई, तपासयादी वाच ना," आणि थोरलीने कार्ड उचलून पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.