भाऊचा पाय हालला तेव्हा

महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील. मी चिखलीच्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवत होतो. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मेहकरकडं जाणारी एस.टी. धरायची आणि गावी उतरायचं, हा माझा नेम. घरी मोठा भाऊ आणि वहिनी, दोघंच. त्यांना मूलबाळ नव्हतं. आईवडील गेल्यावर माझं शिक्षण त्या दोघांनीच केलं.

त्या हिवाळ्याच्या शेवटी कडब्याची गंजी रचताना भाऊ वरून घसरला. खाली बैल सोडून ठेवलेली गाडी होती. तिच्या जुवावर त्याची पाठ आपटली. वहिनी धावत गेल्या तेव्हा तो शुद्धीवर होता, रक्ताचा थेंब नव्हता. "माहे पाय कुठी गेले?" एवढंच त्यानं विचारलं. पाय त्याच्यासमोर सरळ पडलेले होते.

अकोल्याच्या दवाखान्यात तो पाच आठवडे होता. घरी न्यायच्या दिवशी डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. मी शास्त्राचा मास्तर आहे हे त्यांना कळलं होतं, म्हणून त्यांनी नीट समजावलं. पाठीच्या मण्यांमधून करंगळीएवढी जाड मज्जारज्जू जाते. तिच्यातले काही तंतू खालची खबर वर मेंदूला नेतात, स्पर्शाची, चटक्याची, दुखण्याची. काही तंतू मेंदूचा हुकूम खाली स्नायूंपर्यंत आणतात. भाऊची मज्जारज्जू कमरेच्या वरच्या बाजूला चिरडली होती. आता खबरही जाणार नव्हती आणि हुकूमही येणार नव्हता.

"आणखी एक लक्षात ठेवा," ते म्हणाले. "थोड्या दिवसांत त्यांचे पाय आपोआप झटके देतील. टोचलं तर आखडतील. घरच्यांना वाटेल सुधारणा आहे. तसं नाही. चिरडलेल्या जागेच्या खालची मज्जारज्जू जिवंत आहे, ती पायाची खबर घेते आणि तिथल्या तिथं स्नायूला परत पाठवते. मेंदूला पत्ताही नसतो. हे घरी समजावून सांगा."

मी हो म्हणालो. गाडीत वहिनी भाऊचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "काय म्हणे डाक्टर?" त्यांनी विचारलं. "काळजी घ्या म्हणाले," मी म्हणालो. घरी गेल्यावर सांगू, असं मी ठरवलं. घरी गेल्यावर पुढच्या शनिवारी सांगू, असं ठरवलं.

तीन शनिवार गेले. चौथ्या शनिवारी वहिनी मला दारातच आडव्या आल्या. दुखणं आल्यापासून त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पाह्यला नव्हता. "भाऊजी, पाय हालला! या, पाहा." त्यांनी भाऊच्या तळपायाला नख लावलं. गुडघा वाकून पाय वर ओढला गेला. भाऊ पायाकडं पाहतच नव्हता, तो माझ्याकडं पाहत होता.

"तुह्यं शास्त्र काय म्हणते बे?" त्यानं विचारलं.

कॉलेजात मी पाह्यलं होतं: मेंदू काढलेल्या बेडकाच्या पायाला आम्लाचा थेंब लावला की तो पाय ओढतो. ते सगळं मला त्या क्षणी आठवलं. मी म्हणालो, "पाहू. चांगलंच आहे."

हे शब्द मी का बोललो, ते आजही मला नीट सांगता येत नाही. भ्यालो होतो, एवढं खरं.

मग परीक्षा आल्या आणि मी दोन आठवडे गेलो नाही. गेलो तेव्हा ओट्यावरच मला जळाल्यासारखा वास आला. आत वहिनी चुलीतली वीट फडक्यात गुंडाळून भाऊच्या टाचांना शेक देत होत्या. "गरम लावलं का पाय ओढतात," त्या हौसेनं सांगायला लागल्या. "जास्त गरम लावलं का जास्त ओढतात. जीव येऊन राह्यला त्याइच्यात."

मी फडकं बाजूला केलं. उजव्या टाचेची कातडी काळी पडून सुटली होती. आत मांस दिसत होतं. भाऊ उशीला टेकून शांतपणे तंबाखू मळत होता.

"बंद करा, वहिनी! पाय भाजला."

"भाजला? मंग हे काऊन ओरडले नाहीत?"

मग मला बोलावंच लागलं. डॉक्टर जे बोलले ते सगळं मी सांगितलं. भाऊनं तंबाखू खाली ठेवली. मग त्यानं खांद्यावरचा शेला स्वतःच्या डोळ्यांवर बांधला.

"लाव हात पायाले. मले कयते का नाही, पाहू दे."

मी थंड पाण्याचा तांब्या त्याच्या डाव्या तळव्याला टेकवला. पाय झटकन आखडला. मी तांब्या काढून घेतला. भाऊ तसाच वाट पाहत बसला होता.

"लाव ना बे," तो म्हणाला.

वहिनींनी तोंडाला पदर लावला. मी म्हणालो, "लावला होता, भाऊ." त्यानं शेला काढला आणि आपल्या पायांकडं पाह्यलं, दुसऱ्या कोणाचे तरी पाय पाहावेत तसं.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "तुमाले हे कधीपासून ठाऊक होतं?"

"अकोल्यापासून."

त्या उठल्या, वीट परसात नेऊन ठेवली आणि चुलीतली लाकडं बाहेर ओढून विझवली. त्यानंतर कितीतरी महिने त्या माझ्याशी लागेल तेवढंच बोलल्या.

जखम चिघळली. भाऊला परत अकोल्याला न्यावं लागलं. डॉक्टर आत बोलवायला आले तेव्हा मी उठलो, पण वहिनी म्हणाल्या, "तुमी बाहेर बसा. मीच इचारते." दोन इयत्ता शिकलेली ती बाई अर्धा तास आत होती. कूस किती वेळानं बदलायची, कातडी कुठं कुठं तपासायची, लघवीची नळी कशी सांभाळायची, हे सगळं विचारून तोंडपाठ करून त्या बाहेर आल्या. मी बाकावर बसून होतो.

टाच भरून यायला चार महिने लागले. भाऊ पुढं पाच वर्षं जगला. ओसरीत बसून तो दोर वळायचा, सालदाराला शेतातली कामं सांगायचा. भेटायला आलेलं कोणी "अरे, पाय तर हालते!" असं म्हणालं की वहिनी सरळ सांगत, "ते नाही हालवत, पाय आपोआप हालते." भाऊ त्या वेळी दुसरीकडं बघायचा. शेवटी मूत्रपिंडाच्या तापानं तो गेला.

त्या पाच वर्षांत मला त्यानं एकदाही दोष दिला नाही. वहिनींनी मात्र मला माफ केलं की नाही, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही.