भिंत उजव्या हाताला

क्षितिजा वानखडे घरातून निघताना कुलूप तीनदा ओढून बघते. आयर्लंडमधल्या स्वोर्ड्स गावात नऊ वर्षं सॉफ्टवेअर तपासून चुका आधीच पकडायची सवय लागलेली. तरी त्या दिवशी बाबांचा डबा गाडीतच राहिला.

बाबा, मुरलीधर, नागपूरला सरकारी भूमापक होते. मुलीकडे आल्यावर त्यांना एकच गोष्ट बघायची होती, रोमन किल्ला. आयर्लंडमध्ये रोमन सैन्याने राज्य केलंच नाही, म्हणून दोघं गाडीसकट बोटीने वेल्सला गेली.

डोंगरावर पलटणीच्या तळाचे अवशेष होते. चौकोनी आवार, गुडघाभर भिंती, दरवाजांच्या जागी खिंडारं. बाबा पावलांनी भिंती मोजत हिंडले. मधुमेहाचं इन्सुलिन घेतलेलं होतं, जेवणाची वेळ टळून गेली.

धुकं उतरलं ते एकदमच. समोरची भिंतही दिसेना.

"क्षितू, हात थरथरून राहिले माझे." बाबा कोपऱ्यात टेकून बसले. कपाळ घामाने ओलं.

तिने पर्स उपडी केली. साखरेची पुडीसुद्धा नाही. फोनला रेंज नाही.

"मी तुम्हाला एकटं सोडणार नाही."

"जाय तू. भिंत उजव्या हाताला ठेव. पहिलं खिंडार येईल, तेच आपलं. भिंत सोडू नको."

ती वाकून, ओल्या दगडांवर हात घासत निघाली. खिंडार आलं. तिथून उताराची फरसबंद वाट गाडीपर्यंत जात होती. तिने डबा आणि ज्यूसची बाटली उचलली आणि धावत वर आली. आता भिंत डाव्या हाताला.

"बाबा!"

पुन्हा हाक मारली. वारा तेवढा ऐकू आला. हात तिने दगडावरून उचलला नाही.

बाबा एका कुशीवर कलंडले होते. डोळे अर्धवट उघडे.

"बाबा, प्या. थोडं थोडं."

अर्धा ज्यूस शर्टवर सांडला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग त्यांनी स्वतःच बाटली हातात घेतली.

"रडून कायले राहिली?" ते पुटपुटले.

त्यांना धरून उतरायला तासभर लागला. संध्याकाळची परतीची बोट चुकली. बंदराजवळच्या लॉजमध्ये बाबा सूप पिऊन झोपले. क्षितिजाने नागपूरला फोन लावला. आई जागीच होती.

"सगळं ठीक आहे," ती सवयीने म्हणाली. मग थांबली, आणि काय घडलं ते आईला पहिल्यापासून सांगू लागली.