झेल घेतला आणि हरलो

आखातातल्या जनाबियात व्हिलांच्या ज्या कंपाउंडचं मेंटेनन्स मी बघतो, तिथे दिवसातून दहा वेळा सॉरी म्हणणं हे माझं निम्मं काम आहे. एसी बंद पडला, सॉरी. पोहण्याच्या तलावाचं पाणी गढूळ झालं, सॉरी. वारा सुटून कुणाच्या व्हरांड्यात वाळू आली तरी मीच सॉरी म्हणतो, जसं काही वाळवंट माझ्या हाताखाली कामाला आहे. मूळचा मी रत्नागिरीकडचा, म्हणजे वाकण्यापेक्षा मोडणं पसंत करणाऱ्यांतला. पण पंधरा वर्षांच्या नोकरीत जीभ वळली. इतकी वळली, की स्वतःची चूक असेल तेव्हा ती जागची हलणार नाही, अशी शंकाही मला कधी आली नाही.

गेटजवळच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहतो, मी, बायको आणि तेरा वर्षांची मुलगी. मुलीला बेसबॉलचं वेड लागलं ते बारा नंबरच्या व्हिलात राहणाऱ्या अमेरिकन माणसामुळे. कंपाउंडच्या टीमचा तो कोच. टीम म्हणजे मोठी माणसं आणि पोरं, सगळी खिचडी. आपल्याकडे गोलंदाजाचं जे काम, ते त्या खेळात पिचरचं. टप्पा न पाडता चेंडू थेट फलंदाजाकडे फेकायचा. आमची पोर पिचर. वर्षभर रोज संध्याकाळी तिने पंपरूमच्या भिंतीवर चेंडू मारून गिलावा पाडला आणि मी तो दोनदा करून दिला, एक शब्द न बोलता. बोलायचं म्हटलं तरी ती बोलतेय कुठे? मी मराठीत चार वाक्यं टाकायची, तिने इंग्रजीत "फाइन बाबा" म्हणायचं. भांडणसुद्धा नाही. बँकेतल्या काउंटरवरची बाईसुद्धा माझ्याशी याहून जास्त बोलते.

त्या शनिवारी सकाळी शेजारच्या कंपाउंडशी मॅच होती आणि आमच्याकडचा एक जण सुट्टीवर गेला होता. कोचने मला विचारलं. आता मी गावात टेनिस बॉलवर दहा वर्षं क्रिकेट खेळलेला माणूस. हातमोजा घालून झेल घ्यायचा यात काय मोठंसं, असं म्हणून मी उभा राहिलो. मुलीच्या चेहऱ्यावर नाराजी दिसली, पण तीही सभ्यपणे.

शेवटच्या डावापर्यंत दोन्हीकडे बरोबरी होती. त्यांची फलंदाजी चालू होती. मुलीने आधी एका पोराला चार चेंडू बाहेर टाकले, म्हणजे तो फुकटात पहिल्या कोपऱ्यावर गेला. या खेळात मैदानाच्या कोपऱ्यांना फेरी मारून निघालो त्या जागी, म्हणजे घरी, परतलं की एक रन. मग आमच्यातल्या एकाच्या पायांमधून चेंडू गेला आणि ते पोर तिसऱ्या कोपऱ्यावर पोचलं. तिथून घरी आलं की त्यांचा रन आणि मॅच खलास. पुढच्या फलंदाजाने चेंडू उंच उडवला, तो सरळ माझ्याकडे. मी चार पावलं पुढे आलो आणि झेललाही झकास. मग जे पोरवयापासून करत आलो तेच केलं. चेंडू आभाळात उडवला, पुन्हा झेलला, आणि हात उंचावून मुलीकडे बघितलं.

सगळे माझं नाव घेऊन ओरडत होते. कोच तर इथल्या अरबीत "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, चला, करत हात हलवत होता. मला वाटलं, कौतुक चाललंय. मी आणखी एकदा चेंडू दाखवला. तेवढ्यात ते तिसऱ्या कोपऱ्यावरचं पोर पळत घरी पोचलं, आणि समोरची टीम नाचायला लागली. हे काय चाललंय ते मला कळेना. फलंदाज तर बाद झाला होता.

मॅच संपल्यावर सगळे हिरवळीवर बसले. बायकोने डबाभर बटाटेवडे दिले होते, ते फिरवले. आणि मग पंचायत भरली. आमच्याकडच्यांना खेळण्यापेक्षा त्याच्यावर बोलायला जास्त आवडतं, त्या बाबतीत ते अगदी आपल्यासारखे. सगळं इंग्रजीत, मी आपलं आपल्या भाषेत सांगतो. एक म्हणाला, दोष पोरीचाच, फुकट सोडलं तिथेच मॅच गेली. दुसरा म्हणाला, दमलेली दिसत असताना तिला बदललं नाही, दोष कोचचा. तिसरा त्या पायांमधून गेलेल्या चेंडूवर अडून बसला. वही सांभाळणाऱ्या बाई, एक निवृत्त शिक्षिका, चष्म्यातून बघत म्हणाल्या की दोष कुणाचाही असो, या खेळात हार पिचरच्या नावावर लिहितात. आणि त्यांनी ती लिहिलीही.

नऊ जण खेळतात आणि हार एकटीच्या नावावर? मला ते पटेना, म्हणून मी शेजारच्याला हळूच विचारलं, की झेल घेतल्यावर तो रन धरलाच कसा. तो जरा चुळबुळला. मग म्हणाला, इथे झेल घेतला तरी चेंडू जिवंतच असतो. कोपऱ्यावरच्याने झेल होईपर्यंत तिथेच थांबायचं, झेल झाला की पळायचं. "तू इतका जवळ होतास, की तो पळणारच नव्हता," तो म्हणाला. "तू चेंडू उडवलास तेव्हा निघाला."

मी हातातला वडा घाईने संपवला. म्हणजे त्या आरोळ्या "फेक, फेक" अशा होत्या. आजूबाजूला बघितलं तर एकही जण माझ्याकडे बघत नव्हता. पहिल्यांदा खेळायला आलेला माणूस, त्यातून वडे आणलेला, त्याला कोण बोलणार? आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. आपल्यावर शेकलं नाही म्हणून सुटल्यासारखं वाटलं. मी खाली मान घालून पुढचा वडा उचलला.

मग कोच मुलीला म्हणाला, "पुढच्या महिन्यात झल्लाकला मॅच आहे. तिथे दुसऱ्या कुणाला तरी पिचर करू. तू थोडी विश्रांती घे."

"ओके," ती म्हणाली. तिने वर्षभर झिजवलेला चेंडू पिशवीत ठेवला आणि एकदाच माझ्याकडे बघितलं. तिला सगळं माहीत होतं, पहिल्या क्षणापासून. ती माझं नाव घेणार नव्हती. ते मी घ्यायचं होतं.

दिवसातून दहा वेळा म्हणायचा तो शब्द, पण निघता निघेना. सायबाच्या एसीसाठी सॉरी म्हणताना आपलं काहीच जात नाही. इथे माझा झेल जात होता. मुलीपुढे मी पहिल्यांदाच काहीतरी बरं केलं होतं, तेच जात होतं. शेवटी मी उभा राहिलो, कारण बसून ते बोलता येईना. म्हणालो, "सॉरी. रन माझ्यामुळे गेला. आमच्या खेळात झेल घेतला की सगळं थांबतं. मी फेकायला हवा होता. वहीत माझं नाव लिहा."

बाई म्हणाल्या, तसा रकानाच नाही. पण त्या हसल्या, मग सगळेच हसले, आणि हसण्यात टोचणारं काही नव्हतं. कोचने मान खाजवली. तो म्हणाला, आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं, पण तू इतका खूश होतास की सांगवेना. मग मुलीकडे वळून म्हणाला, "ठीक आहे, झल्लाकला तूच पिचर. तुझ्या बाबांना मात्र आपण वडे घेऊन बसवू." माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

मुलीच्या नाही. घराकडे निघालो तशी ती दहा पावलं पुढे.

"काय गो, रागावलीस?"

"डोन्ट टॉक टू मी, बाबा." आणि मग ती थांबली आणि बोलायला लागली, ती गेटपर्यंत बोलतच राहिली, अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. चार माणसं मला बोलत होती आणि तू वडा खात होतास. एक नाही, दोन वडे, मी मोजले.

"मला वाटलं, तुला माझी लाज वाटेल," मी म्हणालो.

"कॅचची नाही वाटली," ती म्हणाली. "तू गप्प बसलास, त्याची वाटत होती."

"आणि आता?"

"आता राग आलाय. खूप."

राग चालेल. माझ्या घरात मी रागातच वाढलो, त्याची भाषा मला समजते. ते "फाइन बाबा" समजत नव्हतं.

दार उघडत बायकोने विचारलं, "जिंकलात का?"

"हरलो," मी म्हणालो.

"अगोबाई. कुणामुळे?"

मुलीने हात लांब करून माझ्याकडे बोट दाखवलं. "बाबामुळे."

बायकोने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "मग ह्यांना जेवायला वाढायचं की नाही?"

मुलीने आधी दोन्ही बूट काढले.

"वाढ," ती म्हणाली. "पण आधी मला."